टीव्हीतून चव जात नाही

वाचक लिहितात:

ताई, मी ३९ वर्षांची आहे, भांडुपला राहते. एका खासगी कंपनीत अकाउंट्सला नोकरी करते. माहेर कणकवलीकडचं. धाकट्या जावेने माझ्या नकळत फॉर्म भरला आणि एका मोठ्या हिंदी चॅनेलच्या कुकिंग स्पर्धेत माझी निवड झाली. बिनपगारी रजा घेऊन गोरेगावला पाच आठवडे शूटिंग केलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी केली त्या दिवशी परीक्षकांनी ताट पुसून खाल्लं. बाहेर पडले त्या दिवशी मात्र कॅमेऱ्यासमोर फार रडले, त्याची आता लाज वाटते. भाग दीड महिन्याने सुरू होतील. एका फेरीत जिंकलेले एक लाख अजून हातात आलेले नाहीत. घरात रोज नवा सल्ला मिळतो. दिरांनी मुलुंडला गाळा बघून ठेवलाय, हॉटेल टाका म्हणतात. यजमानांचे मित्र यूट्यूब म्हणतात. एका एजन्सीचा माणूस तीन वर्षांच्या करारावर सही मागतोय. मी नोकरी सोडू का? ही संधी परत येणार नाही असं सगळे म्हणतात, आणि मला रात्री झोप लागत नाही. आईचं वेगळंच. मसाला विकायचा विषय काढला तर म्हणते, "माझं प्रमाण पाकिटावर छापशील तर याद राख."

उत्तर:

ताई, आधी एक सांगते. कितव्या फेरीत बाहेर पडलात ते वाक्य मी पत्रातून काढलंय. गाव, पदार्थ आणि तुमची ओळख पटेल असे आणखी दोन-तीन तपशील बदललेत. छापलेलं वाचून "हे मी नव्हतं लिहिलं" असं वाटलं तर घाबरू नका. निकाल फुटू न देण्याच्या ज्या कागदावर तुम्ही सही केलीत तो फार कडक असतो. भाग लागेपर्यंत सोसायटीच्या हळदीकुंकवातही बोलू नका.

मी चौदा वर्षं टीव्हीच्या कुकिंग कार्यक्रमांच्या मागच्या किचनमध्ये काम केलं. सेटवर छोट्या काचेच्या वाट्यांत हळद-तिखट मोजून मांडलेलं दिसतं, ते मांडणारी मी. "हे बघा, आपलं तयार आहे" म्हणून ओट्याखालून जे भांडं वर येतं, ते पहाटे पाचला येऊन शिजवणारीही मीच. त्या चौदा वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली. टीव्ही वाफ दाखवतो, रंग दाखवतो, परीक्षकाचे मिटलेले डोळे दाखवतो, पण चव घरापर्यंत जात नाही. तुमचं सांबारं बघून लाखो लोकांच्या तोंडाला पाणी सुटेल, आणि त्यांतल्या एकालाही ते खाता येणार नाही. त्या रात्री लोकांना तुमच्याकडून चव हवी असते. ती त्यांच्यापर्यंत किती लवकर पोचवता, यावर पुढचं सगळं ठरतं.

एका बाईंची आठवण सांगते. आमच्याच एका कार्यक्रमातल्या स्पर्धक, अतिशय सुगरण. त्यांचा सगळ्यात गाजलेला भाग लागला त्या रात्री साडेदहापासून फोन सुरू झाला तो पहाटेपर्यंत थांबला नाही. "ऑर्डर घेता का?", "क्लास आहेत का?", "आमच्या बारशाला कराल का?" त्या प्रत्येकाला म्हणत राहिल्या, "अजून काही ठरवलं नाही हो, कळवते." त्यांनी खरंच कळवलं, चार महिन्यांनी. तोवर चॅनेलवर पुढचा कार्यक्रम सुरू झाला होता आणि ज्यांना कळवलं त्यांतल्या निम्म्यांना त्या कोण हेच आठवेना. मला त्यांचं फार वाईट वाटलं होतं. हात तोच होता, चव तीच होती. भाग लागायच्या आधीचे आठवडे तेवढे रिकामे गेले होते. तुमच्याकडे ते सहा आठवडे अजून आहेत.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. सांबारं-आंबोळीचा भाग लागेल त्या रात्री तुमच्याकडे विकण्यासारखी एक गोष्ट तयार हवी. एकच. आणि ती तीच हवी जी लोकांनी पडद्यावर पाहिली.

सारांश गोईला यांचं उदाहरण मुंबईचंच आहे. औरंगाबादच्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात शिकलेला हा मुलगा २०११ मध्ये फूडफूड वाहिनीची महाचॅलेंज स्पर्धा जिंकला. त्यानंतर त्यांनी टीव्हीवर कार्यक्रम केले, देशभर फिरले, आणि २०१६ मध्ये अंधेरीत किचन काढलं ते एका पदार्थाच्या नावाचं, गोईला बटर चिकन. हातात देशभरातल्या पाककृती होत्या, पण पाटीवर एकच आली. हे नीट लक्षात घ्या. गिऱ्हाइकाला तुमची सगळी कला आठवत नाही, एक पदार्थ आठवतो. आणि जिंकल्यापासून त्या पाटीपर्यंत पाच वर्षं गेली, तेही लक्षात ठेवा, कारण तुमच्या घरातले सगळे पाच महिन्यांत हॉटेल मागतायत.

तुमच्या शूटिंगमध्ये फ्रेंच डेझर्टं आणि पास्ताही झाले असतील. ते विसरून जा. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन मास्टरशेफच्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी यांनी पांता भात मांडला, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला शिळा भात, बटाट्याचं भरीत आणि मासा. त्या जिंकल्या नाहीत, तिसऱ्या आल्या. पण पांता भाताची आठवण अजून निघते. काळा वाटाणा हा तुमचा पांता भात आहे.

आता विकायचं काय, ते बोलू. मला तुमच्यासाठी दोन गोष्टी दिसतात. रविवारचा डबा आणि आईचा मसाला.

डबा आधी. सांबारं, पाच आंबोळ्या, सोबत लसणीची सुकी चटणी. सोलकढी डब्यात घालू नका, कितीही जणांनी मागितली तरी. नारळाचं दूध मुंबईच्या उकाड्यात भांडुपहून दादरला जाईपर्यंत टिकेल याची खात्री नाही, आणि नासकी सोलकढी प्यालेला माणूस तुमचं सांबारंही परत मागवणार नाही. सांबाऱ्यातही नारळाचं वाटप आहेच, तेव्हा ते पहाटे शिजवून सकाळीच बाहेर पडलं पाहिजे. आंबोळ्या पूर्ण गार झाल्यावरच रचायच्या, नाहीतर वाफेने एकमेकींना चिकटून लगदा होतो. हे तुम्हाला मी सांगायला नको, पण दोन पाहुण्यांना घालणं आणि चाळीस डबे भरणं यांत खूप फरक आहे. पुढच्या दोन रविवारी शेजारपाजारच्या दहा घरांना डबे देऊन बघा, स्पर्धेबद्दल अवाक्षर न काढता. कुठे चुकतं ते तिथे कळेल. वाटाणे आठ-दहा तास भिजायला हवेत, आंबोळीचं पीठ रात्रभर आंबायला हवं. म्हणजे ऑर्डर शुक्रवारी रात्री नऊला बंद. शनिवारी कुणी मागितली तर "पुढचा रविवार" एवढंच उत्तर. सुरुवातीला हे जड जाईल, पण शनिवारच्या दहा ऑर्डरी घेऊन न आंबलेल्या पिठाच्या आंबोळ्या दिलेल्या मी पाहिल्यात.

हिशेबात तुम्ही माझ्या पुढे आहात, तरी कागदावर मांडून दाखवते. समजा डबा २५० रुपयांना दिलात. जिन्नस ७५, डबे-पिशव्या २०, गॅस आणि वीज १०, हाताखालच्या बाईचे २५. उरले १२०, त्यात तुमची मजुरी. पोचवायचा खर्च गिऱ्हाइकाचा, वेगळा. रविवारी चाळीस डबे गेले तर ४,८०० रुपये, महिन्याचे चार रविवार धरले तर १९,२००. खाणं पोचवणाऱ्या ॲपवर गेलात तर पाव भागाच्या आसपास त्यांचं कमिशन जातं, आणि १२० मधून ६० गेले तर उरतं काय ते बघा. त्यामुळे पहिलं वर्ष ॲपशिवाय, थेट फोनवर.

आता हाच हिशेब मुलुंडच्या गाळ्याला लावा. भाडं समजा ६०,००० आणि तीन माणसांचे पगार ५४,०००. झाले १,१४,०००. भागिले १२०. म्हणजे महिन्याला ९५० डबे गेले तर फक्त भाडं आणि पगार निघतात, तुमच्या हातात शून्य. अनामत, फर्निचर, परवाने यांचा तर विषयच काढला नाही. दीर मनापासून म्हणतायत, त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्यासमोर हा कागद ठेवा आणि म्हणा, सलग सहा महिने रविवारचे डबे वाढत राहिले तर गाळ्याबद्दल बोलू.

आणि त्यातच तुमच्या नोकरीचं उत्तर आहे. नाही, सोडू नका. पगार चालू असतो तेव्हा माणूस नको त्या ऑर्डरला "नाही" म्हणू शकतो, नको त्या करारावर सही करत नाही. फक्त तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा. दुसरा व्यवसाय करता येणार नाही असं कलम अनेक खासगी कंपन्या घालतात. असेल तर साहेबांना भेटून लेखी परवानगी मागा, आणि ती भाग लागल्यावर मागा. टीव्हीवर दिसलेल्या बाईला नाही म्हणणं साहेबांनाही अवघड जातं.

कागदपत्रं आजपासून सुरू करा. घरून खाणं विकायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, घरगुती स्वयंपाकघरालाही. छोट्या धंद्याला मूळ (बेसिक) नोंदणी पुरते. अर्ज फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर करायचा, फी वर्षाला १०० रुपये, आणि एजंटाला हजारो रुपये द्यायची काही गरज नाही. नोंदणी झाली की १४ आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. गॅसचं मात्र लोक विसरतात. घरचा लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही आधीच भेटून या. रविवारी सकाळी जिन्यात डिलिव्हरीवाल्या मुलांची रांग लागल्यावर भेटलात तर गोष्ट भांडणाने सुरू होईल.

मसाल्याला डब्यापेक्षा मोठं भवितव्य आहे, असं माझं मत. डबा भांडुपपासून दोन तासांपलीकडे जात नाही. मसाला अमेरिकेतल्या मालवणी माणसाच्या बॅगेतूनही जातो. तुमचा भाग नागपूरला, इंदूरला बघणाऱ्या बाईला तुम्ही दुसरं काय पाठवणार? लालबागच्या मसाला गल्लीत डंकावर स्वतः उभं राहून पहिला पाच किलोचा घाणा कुटून घ्या. मिरच्या भाजलेल्या घेऊन जा, मोजमाप तुमच्या वहीत, आणि कुटून होईपर्यंत जागेवरून हलू नका. १०० ग्रॅमची पाकिटं करा. पाकिटासोबत एक चिठ्ठी घाला, अर्धा किलो काळ्या वाटाण्याला किती मसाला, किती वाटप, मराठीत आणि हिंदीत. ती चिठ्ठी घेऊन इंदूरची बाई तुमचं सांबारं करेल आणि मग दुसरं पाकीट मागवेल.

नाव ठरवा आणि ट्रेडमार्कचा अर्ज भाग लागायच्या आधी करा. हे मी कळकळीने सांगते, कारण टीव्हीवर गाजलेलं नाव दुसराच कुणीतरी आपल्या नावावर करून बसण्याचा धोका खरा आहे. ट्रेडमार्कच्या वर्गवारीत मसाले ३० व्या वर्गात येतात, डब्यासारखी खाण्याची सेवा ४३ व्या. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये, आणि नोंदणी झाली की दहा वर्षांचं संरक्षण. आत्ता फक्त ३० वा करा. स्पर्धेचं नाव किंवा चॅनेलचं बोधचिन्ह पाकिटावर टाकू नका, ते त्यांचं आहे. "अमुक स्पर्धेतील स्पर्धक" एवढं तरी लिहिता येईल का, हेही तुमच्या करारात बघून, शंका असली तर त्यांना ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

तोच करार आणखी दोन गोष्टींसाठी वाचा. किती महिने दुसऱ्या चॅनेलवर किंवा दुसऱ्या कंपनीच्या जाहिरातीत दिसायला बंदी आहे, आणि तुमच्या भागाची चित्रफीत तुम्ही वापरू शकता का. सहसा नाही. आपल्याच भागाचा तुकडा उत्साहाने टाकला आणि कॉपीराइटच्या तक्रारीने सगळं खातंच बंद झालं, असं अनेकांच्या बाबतीत घडतं. त्यावर सोपा उपाय आहे. याच आठवड्यात तुमच्या भांडुपच्या ओट्यावर, आईची कढई ठेवून, मोबाइलवर तेच सांबारं स्वतः करून चित्रित करा. उजेड खिडकीतून येऊ द्या, बोला आपल्या मालवणी हेलात. तो व्हिडिओ जपून ठेवा आणि भाग संपला की पाच मिनिटांत टाका. खाली एक नंबर.

तो नंबर घरचा नको. नवीन सिम, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. आपोआप जाणारं उत्तर आधीच लिहून ठेवा: डबा कधी, किंमत काय, ऑर्डर कधीपर्यंत, मसाला कुठे पाठवतो. शेवटी विचारा, "तुमचं नाव आणि राहायचं ठिकाण कळवाल का?" हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. त्या रात्री दोनशे लोकांनी मेसेज केला आणि तुमच्याकडे चाळीसच डबे असले तरी हरकत नाही, दोनशे नावं राहिली पाहिजेत. वहीत उतरवा. इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर चॅनेलचा पुढचा भाग लागला की दुसरीकडे वळतात, पण वहीतल्या माणसाला दिवाळीच्या आधी "यंदा भाजणी करतेय" असं कळवता येतं. त्या रात्री फोन तुम्ही धरू नका. जावेला द्या. फॉर्म तिने भरला होता ना?

यूट्यूबचं थोडक्यात. करा, पण त्याच्या पैशावर काही उभं करू नका. जाहिरातींचं उत्पन्न सुरू व्हायलाच १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं, आणि त्यानंतरही ते हळूहळूच वाढतं. पंधरवड्यातून एक व्हिडिओ, कोकणातल्या घरच्या जेवणाचा. बस.

एजन्सीच्या कागदावर सही करू नका, निदान तो आत्ता आहे तसा नाही. असे करार मी पाहिलेत. "कलाकाराच्या सर्व व्यावसायिक उत्पन्नावर" असे शब्द असतात. त्या "सर्व"मध्ये तुमचा डबा येतो, मसाला येतो, आईचा हात येतो. त्यांना सांगा, मुदत एक वर्ष, कमिशन फक्त तुम्ही आणलेल्या कामावर, माझी स्वतःची उत्पादनं वगळून, पैसे माझ्या खात्यात आणि दोघांपैकी कुणालाही महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता येईल. वीस टक्क्यांच्या वर जाऊ नका. हे ऐकून ते गेले तर जाऊ द्या. राहिले तर वकिलाला दाखवून मग सही. त्या वकिलाच्या फीसाठी मागेपुढे बघू नका.

आमंत्रणं येतील. मंडळाच्या पाककृती स्पर्धेला परीक्षक, शाळेचं गॅदरिंग, मॉलमधला डेमो, कंपनीतला महिला दिन. आपल्याकडे नारळ, शाल आणि पुष्पगुच्छ दिला की मानधनाचा प्रश्न मिटला असं समजतात, आणि आपल्या बायकांना पैशाचं बोलायची लाज वाटते. पहिल्याच फोनवर विचारा, "मानधन काय ठरवलंय?" तुमच्या वाडीच्या, शाळेच्या कार्यक्रमाला फुकट जा, आनंदाने जा. कंपनीला आणि मॉलला नाही. कुणी महागडा मिक्सर पाठवून "फक्त एक व्हिडिओ टाका" म्हणालं तर ती जाहिरात आहे, आणि व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहावं लागतं.

मोठ्या हॉटेलांत प्रांतीय जेवणाचे महोत्सव भरतात, त्यांना घरगुती स्वयंपाक करणाऱ्या बायका हव्या असतात. असं बोलावणं आलं तर जरूर जा, कारण शंभर माणसांचं प्रमाण आणि मोठ्या किचनची शिस्त तिथे शिकायला मिळते. पण माझी एक चूक तुम्ही करू नका. एका हॉटेलात मी दहा दिवस माझ्या सासूबाईंचे पदार्थ केले, प्रमाणं त्यांच्या शेफला उत्साहाने लिहून दिली. पुढच्या वर्षी तेच पदार्थ मेनूवर होते, सासूबाईंचं नाव नव्हतं आणि मला बोलावणंही नव्हतं. नुसत्या पाककृतीवर कायद्याने मालकी सांगता येत नाही, त्यामुळे तक्रार कुठे करणार? तुम्ही मेनूकार्डावर नाव छापण्याचं आधी लेखी घ्या, मसाला घरून तयार करून न्या आणि उरलेला परत आणा.

बक्षिसाच्या एका लाखावर ३० टक्के कर आधीच कापला जाईल, ७०,००० हातात येतील. विवरणपत्र भरताना उपकराचे १,२०० आणखी. नोंदणी, ट्रेडमार्क, पीठ वाटायचा टिल्टिंग ग्राइंडर, पाकिटांची पहिली छपाई, मसाल्याचे पहिले दोन घाणे, हे सगळं त्या ७०,००० मध्ये बसवा. कर्ज काढू नका. पैसे उशिरा आले तर ग्राइंडर थांबू शकतो, ट्रेडमार्क थांबवू नका.

आता रडण्याचं. ताई, दहा-बारा तासांच्या शूटिंगमधून तासाभराचा भाग निघतो आणि रडणारा चेहरा जवळजवळ नेहमी ठेवतात. ठेवतील. मी एडिटिंगच्या खोलीत बसले आहे, मला माहीत आहे. त्यावर संगीतही येईल. तीन दिवस खालच्या प्रतिक्रिया वाचू नका आणि "मला चुकीचं दाखवलं" असं कुठेही लिहू नका, तोंडीही म्हणू नका, तो वाद तुमच्या मसाल्यापेक्षा जास्त गाजेल. पाच आठवडे घरापासून लांब, रोज पहाटे उठून, परक्या भाषेत बोलत तुम्ही स्वयंपाक केलात. रडू आलं. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. बघणाऱ्या पुष्कळ बायकांना त्याच क्षणी तुम्ही आपल्या वाटाल.

ही संधी परत येणार नाही, असं जे सगळे म्हणतायत त्याबद्दल. उर्मिला आशर यांना मुंबईत सगळे गुज्जूबेन म्हणायचे. सत्तरी उलटल्यावर, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी नातवासोबत लोणचं विकायला सुरुवात केली, मग थेपले, ढोकळे. मास्टरशेफ इंडियात त्या त्यानंतर आल्या, २०२३ च्या पर्वात. त्याही जिंकल्या नव्हत्या. पण टीव्हीवर दिसल्या तेव्हा मागवायला काहीतरी होतं, पत्ता होता, हात बसलेला होता. २०२५ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यापेक्षा तुमच्या हातात तीसेक वर्षं जास्त आहेत. आज रात्री झोपा.

राहिला आईचा प्रश्न. पाकिटावर घटक छापणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यातून सुटका नाही. पण कायदा मागतो तो क्रम. वजनाने सगळ्यात जास्त जे आहे ते आधी, मग त्याहून कमी, असं शेवटपर्यंत. मिरची आधी, मग धणे, पुढे बडीशेप, खसखस, दगडफूल, जे असेल ते. कशाचे किती ग्रॅम ते छापायला सांगत नाही. कुठली मिरची किती भाजायची आणि दगडफूल कधी घालायचं, तेही नाही. आईला फोन करून एवढंच सांगा, आणि मग पहिल्या घाण्याला तिला कणकवलीहून बोलावून घ्या. लालबागच्या डंकावर तुमच्या शेजारी तीच उभी राहू दे.